इंजिन ओवाळणीत गेलं

आमच्या ह्यांनी फोनवर जाहिरात टाकली तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. टाकायच्या आधी त्यांनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली, परेडला हुकूम द्यावा तशी. "मिलिटरी डिस्पोजल जीप. नवीन टायर, नवीन हूड, नवीन रंग. इंजिन सोडून सगळं ओके."

मी म्हटलं, "म्हणजे नवरदेव सोडून सगळं वऱ्हाड आलंय म्हणा की."

"तू शेंगा फोड," हे म्हणाले.

फोडल्या. दुसरं काय करणार? पण मनातून मला इतका आनंद झाला होता की टरफलं कुठली आणि दाणे कुठले हेही कळेना. ती जीप आमच्या शेडातून जावी म्हणून मी किती नवस बोलले असेन त्याचा हिशोब देवाकडंच असेल.

शेड म्हणजे आमच्या घराचा सोन्याचा तुकडा. आम्ही मलकापुरात राहतो, कराडला लागून. घर आत, गल्लीत. पण शेडाचं तोंड थेट रस्त्याला. लग्न होऊन आल्यापासून मी कांदा-लसूण मसाला करत आले, आधी घरापुरता, मग भावकीपुरता, मग ज्या बाईनं चाखला तिनं दुसरीला सांगितलं म्हणून तिच्यापुरता. माझ्या मसाल्याला गिऱ्हाईक होतं, हाताला चव होती, फक्त मिरची कुटायला डंक नव्हता. दर उन्हाळ्यात भाजलेल्या मिरचीची पोती घेऊन मी दुसऱ्याच्या डंकावर नंबर लावून बसायची. शिंकून शिंकून नाक लाल, आणि वर त्या डंकवाल्याचा तोरा. मला माझा डंक हवा होता, माझ्या शेडात, रस्त्याच्या तोंडाला. सांगलीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं एक चांगला डंक माझ्यासाठी धरून ठेवला होता. "ताई, मिरचीचा सीझन लागायच्या आत न्या, नाहीतर दुसऱ्याला देतो," असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. आणि शेडात कोण? तर ही बया.

हे सुभेदार होऊन रिटायर झाले. लोक रिटायर होऊन काय करतात? कुणी उसात लक्ष घालतं, कुणी सोसायटीला उभं राहतं, कुणी नुसतंच पारावर बसून सरकारला अक्कल शिकवतं. आमच्या ह्यांनी लिलावातनं जीप आणली. ट्रकवरून आली. मी बिचारी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकावर पाणी घातलं. तेव्हा काय माहीत की सवत घरात घेतेय! हे त्या दिवशी भर गल्लीत म्हणाले, "पयली फेरी तुझी. थेट महाबळेश्वर." गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि मी, खोटं कशाला सांगू, लाजले.

पुढं जीप सुट्टी-सुट्टी झाली. चाकं एकीकडं, दारं एकीकडं, सीट माळ्यावर. पण हे मागं हटले नाहीत. रोज सकाळी आंघोळ करून शेडात जायचे, जसं काही ड्युटीवरच, आणि एकेक करून सगळं परत जोडलं. इंजिन कराडला एका मिस्त्रीकडून पार नवं करून आणलं आणि शेडात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. इतकं चकचकीत, की मी त्यात बघून कुंकू लावलं असतं. दिवाळी तोंडावर होती. मिस्त्री म्हणाला, पाडवा-भाऊबीज होऊ द्या, मग इंजिन उचलायची चेन-कुप्पी आणतो आणि बसवून टाकतो.

आणि भाऊबीजेला वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची एकुलती एक धाकटी बहीण, पलूसकडं दिलेली. त्यांचं तिकडं गुऱ्हाळ आहे. त्या वर्षी सीझन उभा राहिला आणि नेमकं चरकाचं इंजिन फुटलं. ऊस तोडून पडलेला, चुलवाण पेटवायला गुळव्या आलेला, आणि रस काढायला इंजिन नाही. हे सगळं त्यांनी ओवाळता ओवाळता सांगितलं, ताटातल्या निरांजनासमोर डोळ्यांत पाणी आणून. भावाला पाझर फुटायला एवढं पुरे. त्यात फौजी. निम्म्या भाऊबीजा बॉर्डरवर गेल्या, त्या सगळ्यांची भरपाई एकदम करायची ह्यांच्या मनात आलं असणार. ताटात साडी टाकली आणि वर म्हणाले, "आनी काय पायजे? माग. आज न्हाई म्हननार न्हाई."

मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत वन्संनी मागून टाकलं होतं.

जगात कुणी बहिणीला ओवाळणीत इंजिन घातलं असेल? साडी घालतात, दागिना घालतात, हल्ली फोन घालतात. आमच्या ह्यांनी चार सिलिंडर घातले. इंजिन ताटात मावेना म्हणून त्यावर नुसती हळद-कुंकवाची बोटं ओढली आणि दाजींनी, म्हणजे वन्संच्या मालकांनी, दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून नेलं. मिस्त्री चेन-कुप्पी घेऊन आला तेव्हा ठोकळे रिकामे. तो ठोकळ्यांकडं बघतोय, मी मिस्त्रीकडं बघतेय, आणि हे भिंतीकडं.

"सीझन झाला की दील ती," हे म्हणाले.

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण तरी सांगते. ओवाळणी परत मागत नसतात. उसनं दिलं असतं तर मागता आलं असतं, गहाण ठेवलं असतं तर सोडवता आलं असतं. पण ओवाळणीत गेलं ते गेलं. बहिणीनं आपणहून परत दिलं तर दिलं. आणि वन्संनी काही दिलं नाही. एक सीझन झाला, दुसरा झाला, पुढं आम्ही मोजायचं सोडलं. त्यांनी मोटार बसवली हे कानावर आलं, तरी इंजिनाचं नाव नाही. दर भाऊबीजेला त्या यायच्या, ओवाळायच्या, आणि हे शेडाच्या दाराला आधीच कुलूप लावून ठेवायचे, तिला बिचारीला ओशाळं वाटू नये म्हणून! पलूसला गेले तरी हे गुऱ्हाळाकडं पाऊल टाकत नसत. "इंजिन बघाया आलाय असं वाटंल," म्हणायचे. बायकोला काय वाटेल हा विचार मात्र मिलिटरीत शिकवत नसावेत.

शेवटी एका वर्षी मी सरळ सांगितलं. संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हटलं, "आवं, गोड बोलून सांगते. एक तर ह्या शेडात ती जीप राहील नाहीतर माझा डंक. डंक नसला तर तुमचं जेवण, तुमचा चहा आणि तुमच्याशी बोलणं, तिन्ही बंद." दोन दिवस हे जीप पुसत बसले. तिसऱ्या दिवशी ती जाहिरात.

गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. पहिला एक पोरगेला आला, गॉगल डोक्यावर. लग्नाआधीचे फोटो काढायला जीप पाहिजे म्हणाला. दारं उघडली, सीटवर बसला, स्टेअरिंगला हात लावून स्वतःचेच चार फोटो काढले. मग बॉनेट उचललं आणि पलीकडनं त्याला माझे पाय दिसले.

"काका, इंजिन?"

"बहिणीकडं हाय," हे म्हणाले.

तो गेला तो गेलाच. दुसरा हायवेवरच्या एका हॉटेलाचा मालक. त्याला बरं चाललं असतं. "आपल्याला चालवायची कुठाय, साहेब," म्हणाला, "दारात उभी करायची, बॉनेटात माती भरून शोभेची झाडं लावायची, लोक येऊन सेल्फी काढतील." ह्यांचा चेहरा असा झाला की मी पटकन चहा आणला. पण चहा प्यायला तो माणूस थांबला नाही. ह्यांनी त्याला हिंदीतून बाहेर काढला. आमच्या घरात हिंदी निघाली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

मग फलटणचा एक गडी आला, चाळिशीतला, गाड्यांचं खरं वेड असलेला. तो आला आणि बॉनेट उघडण्याआधी जीपखाली घुसला. चासीवर बोट फिरवलं, वेल्डिंग बघितलं, गिअरबॉक्स बघितला, बाहेर आला आणि म्हणाला, "सुभेदार, काम लय मन लावून केलंय तुमी." हे एवढे फुगले की सदऱ्याची बटणं तुटायची. "इंजिनाची काळजी नगा करू," तो म्हणाला, "माझ्याकडं इंजिन हाय, बॉडी न्हाई. मी चालवनार ही, दारात उभी न्हाई करनार."

मला वाटलं, आलाच देव धावून. इंजिनाला जीप नाही, जीपला इंजिन नाही, पत्रिका जुळली! मी साखर आणायला उठले तेवढ्यात हे म्हणाले, "न्हाई. अर्धी जीप मी इकनार न्हाई. इकीन तर इंजिनासकट."

मी साखरेचा डबा आपटला. "आवं, इंजिन हाय कुठं?"

"हाय की. येईल. दील ती आपनहून."

तो गडी शहाणा. त्यानं आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाला, "आठ दिवस थांबतो." आणि तिकडं सांगलीच्या व्यापाऱ्याचा फोन: ताई, मिरची यायला लागली, डंक नेताय का दुसऱ्याला देऊ?

मी चपला घातल्या आणि पलूसची एसटी धरली. मी मागणार नव्हते हो. माझंही घराणं आहे. फक्त वन्संच्या मनात आपणहून द्यायचं यावं, एवढी व्यवस्था करायची होती. त्यासाठी सोबत माझ्या मसाल्याचा मोठा डबा घेतला. माझ्या मसाल्यानं भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणलंय.

वन्संनी जेवायला वाढलं. मी इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हटलं, "वन्सं, जीप इकायची म्हनत्यात हे."

वन्संचा हात वरणाच्या वाटीवर तसाच राहिला. "इंजिनासकट?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आधी पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. मसाला अजून उघडलाही नव्हता.

इंजिन नव्हतं. कधीचंच नव्हतं. मोटार बसवल्यावर ते कोपऱ्यात पोत्याखाली पडून होतं. एका दिवाळीत वन्सं भावाला ओवाळायला आमच्याकडं आल्या, आणि तिकडं त्यांच्या दारात भंगारवाला आला. दाजींना वाटलं, गंजतंय उगाच, जागा अडलीय. दिलं वजनावर. वन्सं ओवाळून परत आल्या तर पोतं सपाट.

"ओवाळनी भंगारात घातली वो वहिनी! मी तिकडं त्याला ओवाळत हुते आनी इकडं ह्यांनी इकलं. दरसाली भाऊबीजेला येते तवा छातीत धडधडतं. म्हनते, आज इचारनार. आज इचारनार. आनी तो काय इचारतच न्हाई. इचारलं असतं तर पाय धरून सांगितलं तरी असतं. त्याला सांगू नगा, तुमाला माझी शप्पत हाय."

मला खरं सांगायचं तर दाजींच्या डोक्यात वरणाची वाटी घालावीशी वाटली. ते ओसरीवर बसून ऊस खात होते, निवांत. पण वन्सं अशा रडत होत्या की मी ताट सारून त्यांच्या पाठीवर हात फिरवला. हा इकडं मागत नाही, ती तिकडं सांगत नाही, आणि ह्या दोघा बहीण-भावांच्या मर्यादेपायी माझ्या शेडात लोखंड गंजतंय! राग येत होता आणि मायाही येत होती, दोन्ही एकदम, शेवटी शप्पथ घेतली. निघताना वन्संनी गुळाची ढेप दिली, मी मसाल्याचा डबा दिला.

एसटीत ढेप मांडीवर घेऊन मी ठरवलं. घरी पोचले तर हे दारातच.

"इंजिन बघितलंस?"

"बघितलं."

"कसं हाय?"

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं. आता सुरुवात केलीच आहे तर कंजूषपणा कशाला करा? "मोटार असू द्या, पर लाइट गेली की गुऱ्हाळ तुमच्याच इंजिनावर चालतंय. आनी लाइट तिकडं रोजच जातीय. एका झटक्यात उठतंय. वन्सं कुनाला हात लावू देत न्हाईत, सोता पुसून ठेवत्यात. हळदीकुंकवाची बोटंसुदिक तशीच हायत त्याच्यावर."

बोटं जरा जास्तच झाली, पण ह्यांनी ती गिळली. ढेप हातात घेतली, तिचा वास घेतला, एक खडा तोडून तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चघळत राहिले. "ह्या गुळात आपल्या इंजिनाचा हात हाय," म्हणाले. डोळे ओले होते. मी गुळाला हात लावला नाही.

"मग आता ते काढून आनायचं म्हंजे तिच्या गुऱ्हाळाचं काय?" हे आपलंआपण म्हणाले. "न्हाई, न्हाई. ऱ्हाऊ दे. बोलीव त्या फलटनच्याला."

तो दोन दिवसांत ट्रक घेऊन आला. ट्रक काही आमच्या गल्लीत शिरेना, त्यामुळं जीप हायवेपर्यंत ओढत न्यावी लागणार होती. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पुढं जोडला. मागं जीपमध्ये कुणीतरी स्टेअरिंग आणि ब्रेक सांभाळायला पाहिजे. ह्यांनी कुणाला विचारलंच नाही. आत गेले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मिशा विंचरून बाहेर आले आणि स्टेअरिंगवर बसले.

ट्रॅक्टर सुरू झाला, दोर ताणला, आणि ती जीप आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा उन्हात आली. हिरवीगार. मला काय झालं कुणास ठाऊक. इतकी वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली तिच्या मागं मी धावले आणि ओरडले, "आवं थांबा! माझी फेरी ऱ्हायलीय!"

ह्यांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टरवाला शिव्या देत थांबला. मी पदर खोचून शेजारच्या सीटवर चढले.

आणि ऐका, आमचे हे ती जीप खरोखरच चालवत होते! क्लच दाबत होते, गिअर टाकत होते, वळणावर हात बाहेर काढत होते. बॅटरी होती, त्यामुळं हॉर्न वाजत होता, तो तर प्रत्येक कुत्र्याला दिला. चौकात एकानं विचारलं, "सुभेदार, किती देतीय?" हे न हसता म्हणाले, "लय देतीय. तेल प्यायचं नावच काढत न्हाई." आम्ही दोघं दोराला बांधलेली, वरात चाललीय, आणि मी अशी ताठ बसलेली, की महाबळेश्वर पुढच्या वळणावरच आहे. मला रडू आलं. आलं म्हणून राग आला, आणि राग आला म्हणून आणखी आलं. ह्यांनी माझ्याकडं न बघता खिशातला रुमाल पुढं केला आणि गिअर बदलला.

हायवेवर जीप ट्रकवर चढली. फलटणच्या गड्यानं ह्यांना कडक सॅल्यूट मारला, ह्यांनी घेतला, ट्रक गेला. येताना आम्ही ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांवर बसून आलो. मला वाटलं, हा माणूस आता महिनाभर जेवणार नाही. मी मनात काय गोडधोड करायचं ते ठरवत होते. तर हे एकदम खुशीत, शीळ घालत.

"काय वो, बरं हाय नव्हं?" मी विचारलं.

"बॉडीचं काय घिऊन बसलीस," हे ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडून म्हणाले. "बॉडी लिलावात कवाबी मिळतीय. मोलाचं असतं ते इंजिन, आनी ते तर हाय आपलं, फर्स्ट क्लास! तूच बघून आलीस. ती आज ना उद्या दील आपनहून. तवर त्येला साजंल अशी दुसरी जीप बघून ठिऊया."

शप्पथ माझ्या गळ्यात, इंजिन माझ्याच तोंडानं उठलेलं. काय बोलणार होते मी, कपाळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी बोलावला. शेडात रस्त्याच्या तोंडाला डंकाचा पाया आखून दिला. तो खोदतोय तोवर हे टेप घेऊन आले, पायापासून मागच्या भिंतीपर्यंत माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि समाधानानं म्हणाले, "मागच्या अंगाला एक जीप बसती बग आरामात."

मी गवंड्याला म्हटलं, "डंकाचा पाया पार मागच्या भिंतीपर्यंत जाऊ दे. आणखी सिमेंट माग."